प्लगवर ऑइल आलंय? आधी बघा, वर की खाली

मिस्त्री प्लग काढतो, तुमच्या नाकासमोर धरतो, बोटाने पुसून काळं झालेलं बोट दाखवतो. "साब, ऑइल आ रहा है. इंजन खोलना पडेगा." संभाजीनगरात जुनी पेट्रोल गाडी चालवणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. पुढे त्याचं बिल दीड हजाराचं होतं किंवा चाळीस हजारांचं. कुठलं होणार हे बऱ्याच अंशी तुम्हालाच कळू शकतं, तेही फुकट. ऑइल प्लगच्या वरच्या पांढऱ्या भागावर आहे की खालच्या टोकाला, एवढंच बघायचं.

वरच्या चिनी मातीवर आणि रबरी बुटाच्या आत ऑइल असेल, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लग होलचे सील गेलेत. ऑइल कव्हरखालून पाझरून प्लगच्या खड्ड्यात साचतंय. काम दोन-तीन तासांचं, खर्च आवाक्यातला. खाली, म्हणजे ठिणगी पडते त्या टोकाला ओलं, काळं, चकचकीत ऑइल असेल तर ते सिलिंडरच्या आतून आलंय. व्हॉल्व सील, पिस्टन रिंग, नाहीतर इंजिनातला दाब बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व नुसता तुंबलेला. इथे खर्च दोन-तीनशेपासून चाळीस हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकतो, म्हणून तपासणीशिवाय "करून टाका" म्हणू नका.

पण एक फसगत आधीच लक्षात घ्या. खड्ड्यात ऑइल भरलेलं असताना प्लग काढला, तर वर येताना त्याचं टोकही ऑइलात बुडून येतं आणि खाली ऑइल नसलेला प्लगसुद्धा "आतून ऑइल मारतोय" असा दिसतो. म्हणून क्रम असा: कॉइल किंवा वायर काढली की आधी मोबाइलचा टॉर्च मारून खड्डा बघायचा, फोटो काढायचा, ऑइल उपसायचं आणि मगच प्लगला पाना लावायचा. मिस्त्री तुमच्या माघारी प्लग काढून ठेवत असेल तर त्याला थांबवा. तुमच्या समोर काढायला सांगा.

आणखी दोन गोष्टी ऑइल म्हणून खपवल्या जातात. एक, प्लगच्या धातूला लागून चिनी मातीवर दिसणारी तपकिरी कडी. हवेतले तेलकट कण उच्च दाबाच्या विजेमुळे तिथे चिकटतात, त्याने प्लगचं काही बिघडत नाही. ही कडी दाखवून चार प्लग विकणारे आहेत. वरून खाली जाणारी काळी, केसासारखी उभी रेघ मात्र वेगळी. तिथून वीज बाहेरून पळतेय, तो प्लग आणि त्याचा बूट दोन्ही बदलायचे. दुसरी गोष्ट, टोकावरची कोरडी काजळी. बोटाला काजळासारखी लागते, तेलकट लागत नाही. ती जास्त पेट्रोल जळत असल्याची खूण आहे. एअर फिल्टर आणि सेन्सर बघायचे, इंजिन नाही. टोक ओलं असून पेट्रोलचा वास येत असेल तर त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नाही, कॉइल किंवा वायर तपासा.

डिझेल गाडी असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. डिझेल गाडीच्या बिलावर "स्पार्क प्लग क्लीनिंग" दिसलं तर ती ओळ खोडून घ्या.

वरून ऑइल: खर्च किती?

पुढचे आकडे छोट्या पेट्रोल गाड्यांचे, बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. अधिकृत वर्कशॉपमध्ये मजुरी साधारण दीडपट-दुप्पट धरा. पार्टच्या किमतीत अंदाजाचं काम नाही, ती खोक्यावर छापलेली असते.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग २०० ते ८०० रुपये. प्लग होलचे सील प्रत्येकी ५० ते १५० रुपये, जितके सिलिंडर तितके. मजुरी ४०० ते १,००० रुपये. म्हणजे तीन किंवा चार सिलिंडरच्या गाडीचं मूळ काम ७५० ते २,४०० रुपयांत बसतं. पॅकिंग आणि सील वेगवेगळे मिळतात आणि बरेचदा फक्त पॅकिंग बदललं जातं. प्लगच्या खड्ड्यात ऑइल येतं ते मुख्यतः सीलमधून. "पॅकिंग टाकलं ना?" असं विचारू नका. "होलचे सील पण टाकले ना, जुने दाखवा" असं विचारा. काही गाड्यांत सील कव्हरमध्येच बसवलेले असतात आणि अख्खं कव्हर घ्यावं लागतं; मग खर्च आणखी तीन-पाच हजारांनी वाढतो. तसं सांगितलं तर तुमच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून दाखवायला सांगा.

प्लग बदलायलाच हवेत का? नुसते बाहेरून तेलकट झालेले प्लग पुसून परत वापरता येतात. स्वच्छ फडकं आणि ब्रेक क्लीनरचा फवारा, चिनी माती कोरडी लख्ख झाली की झालं. तडा असेल, काळी उभी रेघ असेल किंवा किलोमीटर भरले असतील तरच नवे घ्या. साधा निकेलचा प्लग साधारण ३०–४० हजार किलोमीटर जातो, इरिडियम ८० हजार ते एक लाख. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आहे आणि तोच धरायचा. साधा प्लग १०० ते २५० रुपयांना, इरिडियम ६०० ते १,२०० रुपयांना पडतो. गाडीला कंपनीने साधा दिला असेल तर "इरिडियम टाका, पिकअप वाढेल" या सल्ल्यावर चार हजार घालवू नका. उलट कंपनीचा इरिडियम काढून साधा टाकला तर तो लवकर बदलावा लागेल, एवढं ध्यानात ठेवा.

किती प्लग, हेही मोजून ठेवा. अल्टो, वॅगन-आर १.०ला तीन, जुन्या स्विफ्ट १.२ला चार. नॅनोला दोन. आणि जुनी, २००३ ते २००८च्या दरम्यानची आय-डीएसआय इंजिनाची होंडा सिटी असेल तर आठ: सिलिंडर चारच, पण प्रत्येकाला दोन प्लग. सेकंडहँड सिटी हौसेने घेतलेल्यांना हे पहिल्या सर्व्हिसला कळतं. काही जण समोरचे चार बदलून आठांचं बिल लावतात, त्यामुळे आठ जुने प्लग हातात घेऊनच पैसे द्या.

वायर, बूट आणि कॉइल

ऑइलचं खरं नुकसान रबराला होतं. माझ्या गाडीचा दोन नंबरचा बूट मिस्त्रीने ओढून काढला तेव्हा तो रात्रभर भिजत घातलेल्या मनुक्यासारखा फुगलेला होता. दाबला तर बोटाचा ठसा तसाच राहिला. असं रबर वीज धरून ठेवत नाही. ठिणगी प्लगच्या टोकाला पडण्याऐवजी बाजूने इंजिनाच्या धातूत जाते आणि गाडी मिसिंग मारते: सिग्नलला उभी असताना थरथर, दुसऱ्या गिअरमध्ये झटके, चढावर दम सुटल्यासारखं. पावसाळ्यात आणखी वाईट.

मला आधी एका गॅरेजने चार प्लग आणि एक कॉइल विकली. वीस दिवसांनी तीच थरथर. नवे प्लग पुन्हा ऑइलात पोहत होते, कारण गळती तशीच होती. दुसऱ्या मिस्त्रीने सलाइनची नळी लावलेल्या सिरिंजने खड्ड्यातून ऑइल ओढून काढलं, दोन सिरिंज भरल्या. मग नळीच्या टोकाला चिंधी गुंडाळून तळ पुसला, कंप्रेसरची हवा मारली आणि मगच प्लग सैल केला. ही पाच मिनिटं वाचवली की ऑइल सिलिंडरमध्ये पडतं, गाडी निळा धूर सोडते आणि त्या धुराकडे बोट दाखवून "रिंगा गेल्या" म्हणायची सोय होते. माझ्या पहिल्या गॅरेजने नेमकं तेच म्हटलं होतं. गळती बंद केल्याशिवाय प्लग, वायर, कॉइल यांतलं काहीही नवं घेऊ नका.

तुमच्या गाडीला वायर आहे की कॉइल, हे बॉनेट उघडलं की कळतं. मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, सँट्रो अशा गाड्यांत जाड काळ्या किंवा निळ्या वायरी प्लगपर्यंत जातात. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि तिच्या खाली रबरी बूट.

वायर असेल तर पूर्ण सेट घ्या, ४०० ते १,५०० रुपये. एकच वायर बदलून पुढच्या महिन्यात दुसरी बदलण्यात मजुरीच जाते. सेट लगेच घ्यायचा नसेल आणि रबर अजून कडक असेल, तर वायर कोरड्या फडक्याने पुसा, साबणाच्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं फिरवा, पूर्ण वाळू द्या. पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये बुडवून धुऊ देऊ नका. रबर आणखी फुगतं आणि वाळल्यावर तडकतं. तरीही गॅरेजमध्ये सर्रास तेच होतं, कारण पेट्रोलचा डबा शेजारीच असतो. वायर काढताना बूट धरून थोडा पिळून काढायचा, वायर ओढायची नाही. आणि काढण्याआधी कागदी चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ लिहा. वायरींचा क्रम चुकला तर गाडी सुरूच होणार नाही किंवा फटाके वाजवेल, आणि मिस्त्री नवीन दोष शोधायला लागेल.

वायर गेली का, हे दुकानात न जाता तपासता येतं. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर वायरीच्या दोन टोकांना लावा. काहीच आकडा आला नाही तर ती आतून तुटली आहे. बाकी वायरींपेक्षा एकीचा आकडा लांबीच्या मानाने फारच मोठा असेल तर तीही गेली. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर पुरावा डोळ्यांसमोर आहे. फक्त लांबून बघा. तिथे वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो. चालू गाडीची वायर हाताने उपटून "कुठला सिलिंडर मरतोय" बघण्याची जुनी पद्धत मिस्त्रीच्या हाताला आणि गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला, दोघांनाही वाईट.

कॉइल असेल तर इथे पैसे वाचवायची सगळ्यात चांगली जागा आहे. पूर्ण कॉइल १,२०० ते ३,५०० रुपयांना. पण बऱ्याच गाड्यांचा खालचा बूट आणि स्प्रिंग वेगळे मिळतात, १०० ते ३५० रुपयांत. फुगलेला असतो तो बूट, कॉइल नाही. वर्कशॉप सहसा अख्खी कॉइल सुचवतं. "फक्त बूट मिळेल का" हे काउंटरवर स्वतः विचारा.

कॉइल खरंच गेली का, यासाठी अदलाबदल करून बघा. स्कॅनर लावला की मिसिंगचा कोड येतो: पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. समजा ०३०२ आलाय. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावायची, कोड पुसायचा, दहा मिनिटं गाडी फिरवायची. कोड ०३०३ झाला तर कॉइल किंवा तिचा बूट दोषी. दोनवरच राहिला तर कॉइल ठीक आहे, प्लग किंवा आतलं काहीतरी बघा. स्कॅनरचे ३०० ते १,००० रुपये घेतात. काही जण "चेकिंग फ्री" म्हणतात आणि मग न लागणारी कॉइल विकून वसूल करतात. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो. जुनी गाडी असेल तर तो घेऊनच ठेवा.

गाडी सीएनजीवर असेल तर हा दोष आधी गॅसवर दिसतो. गॅस पेटवायला जास्त दाबाची ठिणगी लागते, त्यामुळे पेट्रोलवर मुकाट चालणारी गाडी गॅसवर झटके मारते. अशा वेळी किटवाल्याकडे जाऊन "ट्युनिंग"चे पैसे देण्याआधी प्लगचे खड्डे बघा.

बिलात लपलेल्या ओळी

"इंजिन फ्लशिंग ८००", "डिकार्बनायझिंग १,५०० ते ३,०००", "थ्रॉटल बॉडी क्लीनिंग", "ऑइल ट्रीटमेंट बाटली". पॅकिंगच्या गळतीशी यातल्या एकाचाही संबंध नाही. टॅपेट कव्हर काढायला इंजिन ऑइल बदलावंच लागतं असंही नाही. ऑइल खाली चेंबरमध्ये असतं. ऑइल बदलायची वेळ आलीच असेल तर एकत्र करा, मजुरी एकदाच जाईल. "कन्झ्युमेबल"च्या नावाखाली दोनशे-तीनशे लावले तर काय वापरलं ते विचारा. फडकं आणि क्लीनरचे पन्नास-शंभर समजू शकतो.

पॅकिंगऐवजी एनाबॉन्ड. हा शॉर्टकट फार चालतो. जुनं, कडक झालेलं पॅकिंग तसंच ठेवून त्यावर सिलिकॉनची ट्यूब पिळायची, दोनशे रुपये वाचले. दोन-तीन महिने गळती थांबते. जास्तीचं सिलिकॉन आत पिळलं जातं, त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब कमी झाला की इंजिनच जातं. नव्या पॅकिंगसोबत फक्त कोपऱ्यांवर, जिथे टायमिंग कव्हरचा सांधा येतो तिथे, मुगाएवढा थेंब लावणं बरोबर. कव्हरभर लावलेली लाल किंवा करडी पट्टी बाहेर आलेली दिसली तर पैसे द्यायच्या आधी विचारा.

कव्हरचे बोल्ट जीव खाऊन आवळणं, हा दुसरा प्रकार. कव्हर बरेचदा प्लास्टिकचं असतं. तडकलं की नवं कव्हर तुमच्या माथी. प्लगचंही तेच. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम इंजिनातून प्लग काढला किंवा तिरका बसवून पान्याने रेटला तर आटे जातात. मग नव्या आट्यांसाठी हेलिकॉइल मारायचे एका होलला ८०० ते १,५०० रुपये, आणि "आटे आधीच गेलेले होते" हे उत्तर. प्लग आधी हाताने पूर्ण बसतो का ते बघा. नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा ते पाऊण फेरा, बस. टॉर्क पाना असलेला मिस्त्री मिळाला तर त्याला धरून ठेवा.

कॅटलिटिक कन्व्हर्टर. मिसिंग मारणारी गाडी रेटत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि कन्व्हर्टर तापून वितळतो. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर तो हाच इशारा आहे, गाडी बाजूला घ्या. नुसता स्थिर दिवा असेल तर हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. पण "कन्व्हर्टर चोक झालाय, फुकट काढून देतो" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं; भंगारात त्याला चांगली किंमत येते. फुकटचं काम नाही ते. कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीला अडकते, आणि नवा बसवायला गेलात तर या लेखातले बाकी सगळे आकडे किरकोळ वाटतील.

बनावट प्लग. रविवारच्या जाफर गेटच्या बाजारातून हत्यारं खुशाल घ्या, प्लग घेऊ नका. मोंढा नाका, जालना रोड, सिडको, वाळूज, कुठूनही घ्या, पण पक्क्या बिलावर. छपाई पुसट, आटे खरखरीत, वॉशर हाताने सहज निघून येतो: संशय घ्या. नंबरात 'आर' असेल तर तो रेझिस्टर प्लग. मल्टिमीटर वरच्या टोकाला आणि मधल्या इलेक्ट्रोडला लावला की काही हजार ओहम दिसायला हवेत. शून्य दाखवलं तर परत करा. बसवण्याआधी फटीचं माप पुस्तिकेप्रमाणे बघायला सांगा. इरिडियमचं टोक मात्र तारेच्या ब्रशने घासू देऊ नका, बारीक असतं, तुटतं.

खाली ऑइल असेल तर

घाई करू नका. आधी डिपस्टिक बघा. सर्व्हिसला ऑइल जास्त भरलं असेल, खुणेच्या वर, तर ते कुठून तरी बाहेर येणारच. जास्तीचं काढून घ्या. मग पीसीव्ही व्हॉल्व: १५० ते ६०० रुपयांचा पार्ट, दहा-वीस मिनिटांची मजुरी. हा तुंबला की इंजिनातला दाब वाढतो आणि ऑइल सगळीकडून रेटलं जातं, वरच्या सीलमधूनसुद्धा. ज्यांच्या गाडीचं पॅकिंग वर्षभरात दुसऱ्यांदा गळतंय त्यांनी तिसरं पॅकिंग घेण्याआधी हा व्हॉल्व बघून घ्यावा.

त्यानंतर धूर. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळा धूर येऊन दोन मिनिटांत थांबतो, किंवा औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा लोट निघतो: व्हॉल्व सील. चढताना, रेटताना सतत निळा धूर आणि दर हजार किलोमीटरला ऑइल घालावं लागतंय: रिंगांचा संशय.

संशयावर इंजिन उघडायचं नाही. कॉम्प्रेशन टेस्ट करा, ५०० ते १,००० रुपये, अर्धा तास. सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. एक खूपच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व. ही टेस्ट न करता "हाफ इंजिन करावं लागेल" म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा.

व्हॉल्व सीलचा सेट ४०० ते १,५०० रुपये. हेड उतरवून केलं तर मजुरी, हेड पॅकिंग, कूलंट, ऑइल धरून ७ ते १४ हजार आणि दोन दिवस. पण सिलिंडरमध्ये हवेचा दाब ठेवून हेड न उतरवताही सील बदलता येतात. जमणारा मिस्त्री मिळाला तर निम्म्यात होतं. रिंगांचं काम २० ते ४० हजार, लेथवर बोरिंग निघालं तर आणखी, आणि आठवडाभर गाडी विसरा. गाडीचीच किंमत लाख-सव्वा लाख असेल तर हा खर्च करावा की दर महिन्याला अर्धा लिटर ऑइल घालत दोन वर्षं काढावीत, हा तुमचा निर्णय. मी दुसरा पर्याय निवडणाऱ्यांना हसत नाही. फक्त धुरामुळे पीयूसी अडकू शकते हे धरून चला. "जाड ऑइल टाका, थांबेल" हा सल्ला मात्र नाकारा. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या नव्या इंजिनात जाड ऑइल वेळेवर वर पोचत नाही.

कुठे, केव्हा, काय घेऊन

गाडी वॉरंटीत किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल तर बाहेर बॉनेटसुद्धा उघडू नका. पॅकिंगची गळती सहसा वॉरंटीत बसते, प्लग बसत नाहीत. आधी बाहेर पॅकिंग बदललं तर पुढचा दावा नाकारायला कारण मिळतं. विम्यावर विसंबू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार विम्यात नसतात. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर टोइंग मात्र मोफत मिळू शकतं. नाहीतर शहरातल्या शहरात दीड ते तीन हजार जातात.

वॉरंटी संपली असेल तर हे काम बाहेरच करा. यात कंपनीच्या वर्कशॉपशिवाय अडतं असं काही नाही. ओरिजिनल पार्ट कंपनीच्या काउंटरवरून स्वतः आणा. सोबत आरसी लागते, कारण चासी नंबरशिवाय बरोबर सील मिळत नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली चालते. मूळ आरसी गॅरेजमध्ये ठेवू नका. मागच्या सर्व्हिसचं जॉब कार्ड असेल तर घ्या, प्लग शेवटचे कधी बदलले ते त्यावर सापडतं.

गाडी आदल्या संध्याकाळी लावून या आणि सकाळी काम सुरू करायला सांगा. इंजिन गार हवं, आणि मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, दुपारी आणलेली गाडी गार व्हायलाच दोन-तीन तास जातात. शनिवारी आणि दिवाळीच्या आधी गर्दी असते, काम उरकलं जातं. शुक्रवारी दुपारी बरीच गॅरेज नमाजसाठी बंद असतात. मंगळवार-बुधवार सकाळ सगळ्यात बरी. पॅकिंग, सील आणि प्लग मिळून तीन तास. संध्याकाळपर्यंत गाडी मिळालीच पाहिजे.

पैसे देताना

अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर मागा: पार्टचं नाव, नंबर, किंमत, मजुरी. "वाढीव काम निघालं तर फोन करून विचारा" हे त्यातच लिहा. पार्टच्या छापील किमतीत जीएसटी आलेला असतो. त्या किमतीवर पुन्हा १८ टक्के लावले असतील तर ती चूक नाही, लबाडी आहे. मजुरीवर १८ टक्के लागू शकतो, पण फक्त नोंदणी असलेल्यांकडून. बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर हवा आणि महाराष्ट्रातला असेल तर तो २७ने सुरू होतो. नंबर नाही तर जीएसटी नाही. जुने प्लग, बूट, सील पिशवीत घालून डिक्कीत ठेवायला सांगा. ते तुमचे आहेत.

वाद झाला तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. सेवेची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. बिल, व्हॉट्सॲपवरचं अंदाजपत्रक आणि खड्ड्याचा तो पहिला फोटो जोडा. "बिल नको, दोनशे कमी करतो" हे मान्य केलंत तर हा सगळा रस्ता अवघड.

गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारात रेस करून समाधान मानू नका. दौलताबादच्या घाटापर्यंत चक्कर मारा, खुलताबादच्या दिशेने तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. झटका असेल तर तिथे कळतो. मग पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी, इंजिन गार असताना, एक कॉइल किंवा वायर काढून लांब काडीला कापूस गुंडाळून खड्ड्याच्या तळाशी फिरवा. कोरडा आला तर बिल फाइलला लावा. ओला आला तर कापूस आणि बिल दोन्ही घेऊन त्याच दिवशी परत जा.